पानाची बाजू

छबुबाईंनी हातोडी जरा जोरातच हाणली. खिळा गिलावा फोडून आत शिरला आणि भिंतीतून बारीक भुगा घरंगळत खाली आला. खाली वनमालानं नुकतीच रांगोळी काढली होती. तिच्या पांढऱ्या रेघांवर लाल शिंतोडे पडले.

"अगं बया, कुंकू सांडलं का काय?" छबुबाई स्टुलावरूनच म्हणाल्या.

वनमाला उकिडवी बसली, चिमटीत तो भुगा घेतला आणि बोटांनी चोळून बघितला. कुंकू बोटांना धरून राहतं. हे खरखरीत होतं, भाजलेलं. नाकाजवळ नेलं तर भट्टीच्या बाजूनं वारा आला की येतो तसा जळका वास आला.

"बसला का खिळा पक्का, काकू?" तिनं विचारलं.

"बसला की. आण देवाला."

दत्ताची तसबीर टांगून झाली, हार घालून झाला, छबुबाई गुडघे धरत खाली उतरल्या. वनमालानं झाडू घेतला नाही. रांगोळीवरचा लाल भुगा तिनं हळूच तळहातावर ओढला, पदराच्या टोकात बांधला आणि गाठ कमरेला खोचली.

सभागृहाच्या त्या भिंतीत लाल असं काही असायला नको होतं.

वडवणीच्या रस्त्यानं वीटभट्ट्या वाढल्या, तसे जळणापायी गावचे कडुलिंब कमी होत गेले. बांधावरचे गेले, ओढ्याकाठचे गेले. एका सकाळी बायका मरीआईला पाणी घालायला गेल्या तर देवीच्या डोक्यावरची सावलीच नव्हती; नुसतं बुंध्याचं ओलं खोड होतं आणि त्यावर मुंग्या. वनमालानं तिथंच तांब्या खाली ठेवला आणि देवीला शब्द दिला की आपल्या हातून जळक्या विटेची भिंत उभी राहणार नाही. तिचे नेम गावाला माहीत होते. सोमवार, गुरुवार, एकादशी, रोजची पोथी. त्यात हा एक वाढला, एवढंच लोकांना वाटलं.

पण महिलांच्या सभागृहाचं काम मंजूर झालं, आणि भजनातसुद्धा आवाज न चढवणारी वनमाला ग्रामसभेत उभी राहिली. "आमच्या सभागृहाला भट्टीची वीट नको," ती म्हणाली. "मातीची दाबलेली वीट लावा. न भाजलेली."

मागून कोणीतरी हसलं. "मातीचं बांधता व्हय? मग पावसात वाहून गेल्यावर भजन कुठं करता, ओढ्यात?"

"तुमच्या आज्याचं माळवद कशाचं व्हतं?" वनमालानं हळूच विचारलं. "ते गेलं का वाहून? ते तर तुमीच पाडलं, पत्रे टाकाया."

सभा हसली. तेव्हा अर्जुनराव उठले. सभागृहाचं काम त्यांच्याकडंच होतं. गावात त्यांचा शब्द चाले आणि वनमाला त्यांची पाठची बहीण. माहेर आणि सासर एकाच वेशीत. "माझ्या बहिणीचा शब्द तोच माझा शब्द," ते म्हणाले. "मशीन मी आणतो. विटा बायकांनी पाडाव्यात." टाळ्या पडल्या. वनमालाचे डोळे भरून आले होते. ते तिनं पदरानं टिपले नाहीत. तसेच वाहू दिले.

माती कुठली घ्यायची हा प्रश्न आला नाही. काळी माती विटेला चालत नाही, भेगाळते. पांढरी लागते, आणि ती गावात ढिगानं पडलेली होती. ज्या ज्या घरावर पत्रे आले, त्या त्या घराच्या माळवदाची माती उकिरड्याकडंला ढीग होऊन राहिली होती. प्रत्येकीनं आपापल्या पडक्या घराची पाट्या भरून आणली. ती चाळली, त्यात मुरूम आणि थोडं सिमेंट कालवलं, मुठीत लाडू वळून ओल बघितली. मशीनच्या दांड्याला दोघी दोघी लोंबकळायच्या आणि वीट वर यायची, खव्याच्या वडीसारखी, कडा धरून. मग सावलीत ओळ लावायची, वर ओली पोती.

पान घालायची कल्पना अजमतबीची. वाहेद मिस्त्रीची बायको. हाताला डावखुरी, तोंडाला तिखट. साच्यात माती भरल्यावर तिनं वरून लिंबाचं एक पान ठेवलं आणि दांडा ओढला. वीट निघाली ती अंगावर पानाचा ठसा घेऊन, शिरेला शिर.

"ही कशाला गं?" छबुबाईंनी विचारलं.

"ही भट्टीत गेली न्हाई, त्याची निशाणी," अजमतबी म्हणाली. "भाजली असती तर पान ऱ्हायलं असतं का?"

तेव्हापासून प्रत्येक विटेत पान पडलं. बाकीच्यांची पानं उभी बसायची, अजमतबीची आडवी. डाव्या हातानं ठेवायची ना. पुरुषांना कोणी हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंही कोणाला वाटलं नाही.

विटा ट्रॅक्टरमध्ये भरल्या त्या दिवशी वनमालानं पहिल्या खेपेला हळदकुंकू वाहिलं आणि बायकांना म्हणाली, "हे आपलं दान झालं. दिलेल्या वस्तूकडं मागं वळून बघायचं न्हाई. इमारत पुरी व्होईपर्यंत तिकडं फिरकायचं न्हाई." दानाच्या बाबतीत तिच्या सासूची तशी शिस्त होती, आणि ती वनमालानं आजवर मोडली नव्हती. ज्वारीची काढणीही लागली होती. बायका ओढ्याच्या वाटेनं रानात जायच्या आणि ओढ्याच्या वाटेनं परत यायच्या. अर्जुनरावांनी बांधकामाला सगळीकडून हिरवी जाळी लावून घेतली. "तुझा नेम मोडाया नको," ते हसून म्हणाले होते.

आता ती गाठ कमरेला टोचत होती.

वाहेद मिस्त्री मशिदीच्या मागं एका घराचं जोतं भरत होते. वनमालाला येताना बघून त्यांनी थापी पाण्याच्या डब्यात टाकली.

"अक्का, या. बसा."

"बसत न्हाई, वाहेदभाई." तिनं गाठ सोडली आणि पदर पुढं केला. "हे सभागृहाच्या भिंतीतून निघालं."

वाहेदनी बघितलं. मग डब्यातली थापी काढून, ती स्वच्छच होती तरी, पुन्हा धुवायला लागले.

"अर्जुनदादांना इचारा, अक्का."

"भिंत तुमी लावली. तुमालाच इचारते."

"मिस्त्रीम्होरं जी वीट येती ती मिस्त्री लावतो." ते थांबले. "लाल माल उतरला तवा मी म्हणलो, बायकांच्या विटा कुठं हायेत? दादा म्हणले, तपासणीत उडाल्या. गिलावा लगोलग करून टाक, अन् घरी बोलू नको. न्हाई बोललो. तुमची अजमतबी तिथं जाती, भिंतीवरून हात फिरवती अन् मला म्हणती, ह्यात माझ्या विटा हायेत. तुमीच सांगा, कोणत्या तोंडानं सांगू?"

वनमालानं पुन्हा गाठ मारली. जाताना ती एवढंच म्हणाली, "आताबी नका सांगू."

अर्जुनराव ओसरीवर पान लावत बसले होते. पदरातला भुगा त्यांनी बघितला. मग उठले, दार लोटून घेतलं, आणि स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांनी असा तांब्या आणलेला वनमालानं कधी पाहिला नव्हता.

"वनू, तुला सांगायचं व्हतं. जीभच रेटली न्हाई बघ."

"काय सांगायचं व्हतं?"

"बीडला तपासाया दिल्या व्हत्या तुमच्या विटा. पाण्यात ठिवल्या अन् पेंडीवानी विरघळल्या. सायेब म्हणला, उद्या बायकांच्या अंगावर भिंत आली तर कोण जबाबदार? मग मी काय करू? तुला सांगावं तर तू अन्नपाणी सोडणार. म्हणलं, बांधून टाकू गुपचूप. बायकांच्या जिवाला समाधान, तुझ्याबी जिवाला समाधान."

"अन् विटा?"

"जोत्यात भर म्हणून टाकल्या. तुमच्या पायाखालीच हायेत की." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तुझं वाईट करीन का गं?"

तिला रडू आलं, पण ते हलकं होऊन आलेलं. भावानं फसवलं नव्हतं. भावानं झाकलं होतं. चूक आपल्या हातांची. घरी येऊन तिनं देवापुढं बसून एकेक दिवस आठवला. माती नीट चाळली गेली नसेल. आपण परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलो त्या दिवशी पोती वाळली असतील. लाडू वळताना ओल कळली नसेल. देवीला दिलेला शब्द तर मोडलाच होता, आणि तोही तिच्याच हलगर्जीपणानं. तिनं त्या दिवसापासून मीठ सोडलं.

बायकांना तिनं काही सांगितलं नाही. पोथीच्या वेळी अजमतबी दारापाशी भिंतीला पाठ लावून बसायची. तिला पोथीतलं सगळं कळायचं असं नाही, पण वनमालाचा आवाज आवडायचा. उकाडा वाढला होता. अजमतबी मान मागं टेकवायची आणि म्हणायची, "लई गार लागती ना आपली भिंत?"

"लागती," वनमाला म्हणायची, आणि पोथीची ओळ तिच्या डोळ्यांपुढून निसटायची.

वैशाखात अर्जुनरावांच्या नव्या आखाड्याची वास्तुशांत निघाली. आखाडा म्हणजे रानातली वस्ती; पण हे म्हणायचं नुसतं म्हणून. जुनी कडब्याची खोली पाडून त्यांनी रानात चांगलं मोठं घर बांधलं होतं. कलश घेऊन घरात पहिलं पाऊल बहिणीनं टाकायचं. अर्जुनराव स्वतः सांगायला आले. "तुझ्यासारखा नेमाचा हात दुसरा कोणाचा? आदल्या दिवशीच ये, पूजेची मांडणी तुझ्याकडंच."

वनमाला आदल्या दिवशी सकाळीच गेली. अर्जुनरावांची सून आरोही दारातच भेटली. पुण्याला राहायची, सणासुदीला यायची, मनानं मोकळी होती.

"आत्या, आधी घर बघा, मग मांडणी," ती हात धरून तिला पडवीत घेऊन गेली. "कसं गार वाटतंय बघा! बाहेर एवढं ऊन, आणि आत पंखासुद्धा नको. मातीच्या विटा आहेत ना. आता सगळे असंच बांधतायत. आर्किटेक्ट म्हणाले, गिलावा अजिबात करायचा नाही, एवढी सुंदर वीट झाकायची कशाला? आणि ही पानं बघा! म्हणाले, पानाची बाजू बाहेर ठेवा. मशीनलाच असं डिझाइन असतं म्हणे."

पडवीची लांब भिंत उघडी होती. फिकट, खव्याच्या रंगाची. विटेला वीट लागून, आणि प्रत्येक विटेवर लिंबाचं एक पान, शिरेला शिर. बहुतेक उभी. मधूनच एखादं आडवं.

"आत्या? चक्कर आली का?"

"न्हाई गं. उन्हातून आले ना."

आरोही पाणी आणायला आत गेली. वनमालाच्या हातात पूजेच्या पाण्याचा तांब्या होता. तिनं एका आडव्या पानावर धार धरली. वीट जराशी गडद झाली. पाणी पानाच्या शिरांतून वाट काढत खाली गेलं आणि फरशीवर थेंब थेंब पडलं. स्वच्छ. तिनं बोटानं विटेचा कोपरा दाबून बघितला, मग नखानं. कणही निघाला नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत ती धार धरून उभी राहिली.

बाहेर जीप थांबली. अर्जुनराव हातातल्या पिशव्या सांभाळत आत आले.

"आलीस? बघितलंस का घर?"

"बघितलं." तिनं तांब्या खाली ठेवला. "दादा, ह्या विटा कुठल्या रं?"

ते जरासुद्धा अडखळले नाहीत. "सिरसाळ्याकडून मागवल्या. लई ताकदीचा माल. तुमचं मशीन व्हतं ना, तसंच मशीन, पण कारागीर पक्के."

"पाण्यात टिकतात?"

"न टिकाया काय झालं? चांगल्या तपासून घेतल्यात, मगच लावल्या." मग त्यांना काहीतरी वाटलं असावं, आवाज मऊ करून म्हणाले, "तुमचं जमलं न्हाई म्हणून काय मातीच वाईट का? तुझाच इचार हाय हा, वनू. तुझ्यामुळंच सुचलं मला."

वनमालानं मान हलवली. भिंतीवरचा ओलावा आता वाळत आला होता.

"एक मागू का, दादा? उद्या बहिणीला काही द्यावंच लागतं."

"माग की. साडी आणलीच हाय, आणखी काय पायजे ते बोल."

"साडी नको. विटा पाडणाऱ्या माझ्या सगळ्या बायका उद्या जेवाया येतील."

अर्जुनराव मोठ्यानं हसले. "एवढंच व्हय? अगं, सगळ्या गावाला सांगितलंय, तुझ्या बायका जड का मला? घेऊन ये. मी स्वतः तूप वाढीन त्यांना."

त्या संध्याकाळी घरी येऊन वनमालानं पिठलं केलं आणि त्यात मीठ टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती कलश घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. कलश देवाचा असतो, घर कोणाचं का असेना. तिनं उजवं पाऊल आत टाकलं, औक्षण केलं, भावाच्या कपाळाला कुंकू लावलं. भटजी म्हणाले, अशी शांत सवाष्ण असली की पूजेला कळा येते.

पुरुषांची पंगत उठली आणि बायकांची बसायची वेळ झाली. पडवीत भिंतीच्या कडेनं लांब पट्टी अंथरली होती आणि तिच्यापुढं पत्रावळी मांडल्या होत्या. बायका दारात चपला काढत होत्या, नवीन घर म्हणून जरा अवघडून, पदर सावरून. छबुबाई, अजमतबी, मागून बाकीच्या. वनमाला पुढं झाली. तिनं पट्टी ओढून मागं घेतली आणि एकेक पत्रावळ उचलून भिंतीच्या बाजूला सरकवली.

"अगं, असं काय करतीस?" छबुबाई म्हणाल्या. "भिंतीकडं तोंड करून कोणी जेवतं व्हय? शाळेत शिक्षा केल्यावानी?"

"आज जेवायचं, काकू. माझा एक नेम हाय समजा."

वनमालाचे नेम याहून अवघड होते. बायका हसत, एकमेकींना ढोसत, पडवीकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. वनमालानं मिठाची वाटी घेतली आणि पहिल्या पानापासून मीठ वाढत निघाली.

"कावून गं असं बसवलं हिनं?" कोणीतरी कुजबुजलं. "पोळ्या कमी पडल्या का काय, बघू नये म्हणून?"

हशा झाला. तो ओळीच्या मध्यापर्यंत आला आणि तिथं थांबला.

अजमतबी भिंतीकडं बघत होती. तिनं डावा हात पुढं केला, आखडून घेतला, पुन्हा केला. एका आडव्या पानावर तिचा अंगठा बरोबर बसला. शेजारच्या छबुबाईंनी कमरेची पिशवी काढून चष्मा डोळ्यांना लावला आणि वाकून वीट बघितली, मग तिच्या वरची, मग बाजूची. त्यांच्या पलीकडची बाई वाकली. मग तिच्या पलीकडची. पाटात पाणी सोडावं तशी ती शांतता ओळीच्या टोकापर्यंत गेली. कोणी मान वळवली नाही.

"सभागृहात..." अजमतबीच्या तोंडून निघालं. तिनं मान वर करून वनमालाकडं बघितलं. वनमालानं तिच्या पत्रावळीच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ ठेवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

आतून अर्जुनराव तुपाची चरवी घेऊन आले. फेटा बांधलेला, कपाळावर बहिणीचं कुंकू.

"घ्या, घ्या, लाजायचं न्हाई! तूप सढळ हातानं..."

पुढं पाठी होत्या. लांबच लांब ओळ, लुगड्यांच्या आणि साड्यांच्या पाठी, आणि त्यांच्यापलीकडं ती भिंत. एकही हात नको म्हणून आडवा आला नाही, एकही पान पुढं सरकलं नाही. अर्जुनराव पहिल्या पाठीमागं थांबले. पळी चरवीतून बाहेर काढलेली होती.

"वनू," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या अशा कावून बसल्यात?"

पळीतून तुपाची धार नव्या फरशीवर सांडत होती.

"वाढ की दादा," वनमाला म्हणाली. "निवतंय."